माझा जावई गार्ड होता

माझ्या जावयाने आयुष्यात कधी नोकरी केली नाही, असं आमचे नातेवाईक म्हणतात.

खोटं आहे.

कॅलम बास्केटबॉल खेळायचा. पगार घेऊन. इथे ग्लासगोच्या टीममध्ये गार्ड होता, पुढे कॅप्टन झाला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. कॅन्सरने नेलं, खेळाने नाही.

लग्न ठरलं तेव्हा पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन.
"दादा, जावई काय करतात?"
"बास्केटबॉल खेळतात."
"ते झालं रे. पण करतात काय?"

मी सातवी शिकलेला, बस चालवणारा माणूस. काळजी मलाही होतीच. मला तर गॅस बंद केला का, याचीही काळजी असते.

पहिली मॅच बघायला गेलो. टीममध्ये हाच सगळ्यांत बुटका. चेंडू याच्याकडे येतो आणि हा दुसऱ्याला देऊन टाकतो!
घरी येताना न राहवून विचारलं, "अरे, तू स्वतः का नाही टाकत?"
"बाबा, दॅट्स द जॉब. मी देणार. ते टाकणार."

तेव्हा कळलं. पंगतीत एखादा वाढपी असतो ना, कोणाचं पान रिकामं झालं ते न विचारता ज्याला दिसतं? तसा हा.

मॅचची शेवटची मिनिटं मला बघवायची नाहीत. मी दाराकडे तोंड करून उभा राहायचो.

टीम गडबडली की कॅलम चेंडू आपटत सावकाश चालायचा आणि एक हात पुढे करायचा. तळवा खाली.
हळू. घाई नको.

एकदा त्याने तोच हात प्रेक्षकांच्या स्टँडमधल्या माझ्याकडे बघून केला. आजूबाजूचे सगळे हसले.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लबने नवा गार्ड आणला. लोक म्हणाले, संपला. पुढच्या सीझनला हाच कॅप्टन होता.

म्हणून खाली "बिचारा" लिहू नका. लिहिलंत तर डिलीट करीन.

हॉस्पिटलमध्ये मी रडायला लागलो, तेव्हाही पांघरुणातून तो हात बाहेर आला होता. तळवा खाली.

आता माझी नात इला त्याच्याच जागी खेळते. आज तिची विमेन्स टीमसाठी ट्रायल.

आठवडाभर फोन येतायत. "निदान पोरीला तरी त्या नादातून सोडवा. ती तुमचं ऐकते."

ऐकते. मी नको म्हटलं असतं तर गेली नसती.

मला भीती वाटते. पडेल, गुडघा जाईल, घेणार नाहीत.
तरी नको म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

सकाळी दारात तिच्या हातावर दही-साखर ठेवली. कॅलमच्या हातावर ठेवायचो तशीच.
"पाणी घेतलंस? टॉवेल? गुडघ्याचा पट्टा? बस चुकली तर?"
"आजोबा, सगळं माझ्या बॅगमध्ये आहे."
"आणि बूट?"
तिने एक तळहात चाटला आणि दुसरा पुढे केला.
तळवा खाली.

हे स्टँडमध्ये बसून लिहितोय. ट्रायल सुरू झाली आहे.

कॅलम, माझी श्रद्धांजली घे. डोळे भरलेत, पण मान खाली नाही.

चेंडू तुझ्या पोरीकडे आलाय. आज मी दाराकडे तोंड करणार नाही.