दोन गालांची एवांथिया

तारली मासे खारवायच्या शेडमध्ये एवांथियाची सव्वीस वर्षं गेली. एक थर तारलीचा, एक थर जाड्या मिठाचा. दुपारपर्यंत खारं पाणी कोपरापर्यंत चढायचं आणि घाम पुसता पुसता तोंडालाही लागायचं. तिचं कातडं मुळातच हळवं. संध्याकाळी गाल असे तांबडेलाल व्हायचे, की कल्लोनी गावच्या बाजारात एखादा अनोळखी माणूस विचारायचा, बाई, कुणाशी भांडून आलात का.

दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावून मोकळी झाली असती. एवांथियाला मात्र प्रश्न पडला, आणि एकदा प्रश्न पडला की तो तिच्या डोक्यातून हलायचा नाही. कशानं धुतलं की आग होते, कशानं होत नाही? तिनं आपली एक रीत काढली. डाव्या गालाला एक, उजव्याला दुसरं, आठ दिवस. मग आरशात निकाल. शेडमधल्या बायका मिठाची गोणी फोडता फोडताच विचारायच्या, "काय गं, आज कुठला गाल जिंकला?" तीही न लाजता सांगायची, दोन्ही पडले.

दही झालं, मध झाला, कॅमोमाइलच्या फुलांचं पाणी झालं. प्रवाशांच्या दुकानातली चौदा युरोंची बाटली झाली. तिच्यावर ऑलिव्हची डहाळी छापलेली आणि मागं बारीक अक्षरात सतरा घटकांची नावं. भिंग लावून तिनं ती सगळी वाचली, त्यातली तीन कसली ते औषधवाल्या बाईला विचारून आली. सुगंधच निघाले तिन्ही. एकेक गोष्ट वहीत टिपून ठेवायची. पण कोडं काही सुटेना. सगळ्यानंच आग व्हायची. कशानं जास्त, कशानं कमी, एवढंच.

जुलैच्या सुरुवातीला पुतणी मिर्सिनी आली. तिची मुलगी वर्षाची होत होती, ऑगस्टअखेर बाप्तिस्मा ठरला होता, आणि नोना, म्हणजे मुलीची धर्ममाता, एवांथियानंच व्हावं असं तिला वाटत होतं. एवांथियाला भरून आलं. मग तिनं पोरीला, नाव पडेपर्यंत बेबाच म्हणायचे तिला, मांडीवर घेतलं आणि उजेडाकडं वळवलं. पोरीच्या दोन्ही गालांवर खरखरीत लाल चट्टे, कडेला बारीक भेगा.

"रक्ताचं नातं नाही, तरी तुझ्याच वळणावर गेलीय बघ, काकू," मिर्सिनी म्हणाली. "पाणी लागलं तरी किंचाळते. आता तूच बघ काय ते."

बघायचं म्हणजे काय, ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. बाप्तिस्म्यात बाळाला नखशिखान्त तेल चोपडतात. मग तीन दिवस पाण्याचा थेंब लावत नाहीत. तिसऱ्या दिवशी नोनानं यायचं आणि स्वतः आणलेल्या साबणानं, स्वतःच्या हातानं पहिली आंघोळ घालायची. आणि त्या घरात तो साबण कुठला, हाही प्रश्न कधी उठला नव्हता. मिर्सिनीची आजी, एवांथियाची सासू अमेरसूदा, एक्याऐंशी वर्षांची. खानदानातल्या झाडून सगळ्या पोरांचा साबण तिनंच घोटला होता. घरच्या झाडांचं तेल, कॉस्टिक सोडा, आणि वासाला लॉरेल नावाच्या झाडाच्या फळांचं हिरवं उग्र तेल. पणतीसाठी तिनं वड्या ओतूनही ठेवल्या होत्या.

एवांथिया वही घेऊन औषधवाल्या अग्लायाकडं गेली. अग्लायानं चष्मा वर सारून पानं चाळली आणि विचारलं, दर वेळी नवीन काही लावायच्या आधी तोंड कशानं धुतेस?

"कशानं म्हणजे? स्वच्छ नको करायला? आपल्या साबणानं."

"कुठल्या?"

"घरच्या."

बोलली आणि वही ओढून पानं उलटली; घरच्या साबणाचं नाव कुठंच नव्हतं. सव्वीस वर्षं तिनं जगातल्या सगळ्या गोष्टींची परीक्षा घेतली होती, एक घरचा साबण सोडून. तो परीक्षेत बसवायची वस्तू आहे, असं कधी डोक्यातच आलं नाही. ज्याच्या दारात स्वतःची ऑलिव्हची झाडं असतात, त्याला आपल्या तेलानं काही बिघडेल हे सुचत नाही. मध, दही, कॅमोमाइल, बिचारी सगळी आधीच पोळलेल्या गालावर लागली होती.

अग्लाया म्हणाली, साबणच नको आणि वासाचं तर काहीच नको. ओट दळ, चाळ, फडक्यात बांध, कोमट पाण्यात भिजवून त्याचं दूध पीळ आणि त्यानं पूस. आधी पोरीच्या हातावर टेकवून बघ. एवांथियानं विचारलं, कुठले ओट? जनावरांच्या खाद्याच्या दुकानातले चालतील का? अग्लाया हसली. साफ असले तर न चालायला काय झालं, म्हणाली. एका कॉफीच्या पैशात दोन किलो आले. दुकानदारानं विचारलं, गाढव घेतलंस का? हो, म्हणाली, आरशात असतं.

बाप्तिस्म्याला दहा दिवस राहिले होते. आता उजव्या गालाला फक्त सासूचा साबण, डाव्याला फक्त ओट. पाचव्या दिवशी डावा गाल निवला. त्याला हात लावायला ती रात्रीतून दोनदा उठली. तो दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. सहाव्या दिवशी तिनं ओटचं दूध बेबाच्या मनगटावर, कोपराच्या लवणीत टेकवून पाहिलं. काही उठलं नाही. तेव्हाच उजव्यालाही ओट लावता आलं असतं. नाही लावलं. तशीच अर्धी लाल, अर्धी पांढरी चर्चमध्ये उभी राहिली, फोटोतही तशीच आली. बेबाचं नाव इग्नातिया पडलं.

तिसऱ्या दिवशी मिर्सिनीच्या अंगणात घंगाळ मांडलं. अमेरसूदानं स्वच्छ टॉवेलवर साबणाची वडी ठेवली. एवांथियानं पिशवीतून ओटची पुरचुंडी काढली आणि कोमट पाण्यात सोडली.

म्हातारीनं वाकून वास घेतला. "ह्ये काय, गाढवाचा चारा? माझ्या पणतीच्या तोंडाला?"

"हो, सासूबाई."

"माझ्या साबनानं आजवर कुनाचं कातडं गेलंय, सांग."

"माझं," एवांथिया म्हणाली. "जवळ येऊन बघा. हा गाल तुमच्या साबणाचा, हा चाऱ्याचा. तेरा दिवस दुसरं काही लावलं नाही. मलाही आजवर कळलं नव्हतं."

मिर्सिनीनं नजर खाली घातली. अमेरसूदानं सुनेची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं फिरवलं. अंगठा आधी उजव्यावरून, मग डाव्यावरून फिरवला, पुन्हा उजव्यावरून. बाजारात कापड पारखतात तसा.

"सव्वीस वर्सं बोलली न्हाईस?"

"कळलं असतं तर बोलले असते."

"आन् मी म्हनायची, मिठानं झालंय." तिनं वडी उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. "पायाला तरी लाव पुढच्या खेपेला. पीळ आता, पानी निवतंय."

एवांथियानं पुरचुंडी पिळली. पांढरं दूध बोटांतून गळलं. तिनं आधी इग्नातियाचं कपाळ पुसलं, मग श्वास धरून गाल. पोरगी किंचाळण्यासाठी तोंड उघडून थांबली. किंचाळली नाही. गाल काही तेवढ्यात बरे झाले नव्हते, चट्टे होते तिथंच होते. पोरीनं दोन्ही हातांनी ती पुरचुंडी ओढून घेतली आणि तोंडात कोंबून चोखायला लागली.

मिर्सिनी काढून घ्यायला पुढं झाली तर अमेरसूदानं तिचा हात अडवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "गोड लागतंय तिला."