आत्यासाठी उंच केलेली गाडी

गाडी उंच करायचं मी ठरवलं तेव्हा आत्या माझ्या डोक्यातही नव्हती. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण नंतर महिनाभर मी गल्लीत, शाळेत आणि सासरवाडीत "आत्यासाठी केली" असंच सांगत फिरलो.

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावर हिमालय काढतो, त्यावर खडूनं बर्फ पाडतो. पण घर ते शाळा या माझ्या वाटेवरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे एक गतिरोधक, तोही निम्मा झिजलेला. आमची गाडी सात जणांची. त्यातून रोज एकटा मी जातो आणि रविवारी माझ्यासोबत मेथीची जुडी येते. अशा माणसानं जेवताना मोबाइलवर उंच गाड्या बघू नयेत. त्या गाड्या नदीतून जातात, दगडांवर चढतात, चिखल उडवतात, आणि खाली उतरणाऱ्या माणसाचं पोट कधीच सुटलेलं नसतं. मला वाटलं, हा गाडीचा गुण असावा.

आता घरात सांगायला कारण हवं होतं. ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच दिलं. आषाढ सरत आला होता. अण्णा कमरेचा पट्टा आवळत म्हणाले, "या पंचमीला अक्काला आण."

अक्का म्हणजे माझी आत्या. अण्णांपेक्षा पाच वर्षांनी मोठी, ऐंशी कधीच ओलांडलेली, राहायला लातूरकडच्या मुरुडच्या पुढं एका खेड्यात. गुडघे गेल्यापासून तिला एसटीची पायरी चढवेना, आणि त्यामुळं पाच पंचम्या ती माहेरी आली नव्हती. अण्णांना कमरेमुळं एवढा प्रवास झेपत नाही. फोनवर दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. अण्णा पिकाचं विचारतात, ती जावयाचं सांगते. पाच वर्षं अण्णा काही बोलले नव्हते. यंदा एवढंच म्हणाले, "पुढच्या पंचमीचं कुणी बघितलंय."

मला गलबलून यायला हवं होतं. मला सुचलं ते वेगळंच. दिवाळीत फराळ द्यायला गेलो तेव्हा त्या गावच्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडाला घासलं होतं.

"अण्णा, तिथला रस्ता लई खराब हाय. आत्याला आणायचं तर गाडी उंच करावी लागंल."

अण्णांनी मान हलवली. बायकोनं भाकरी थापता थापता माझ्याकडं पाहिलं.

"पाच वर्षांत आज पहिल्यांदाच तुम्हाला आत्याबाईंच्या गुडघ्याचा कळवळा आला, अहो."

देगलूर नाक्याजवळ एक मिस्त्री आहेत. त्यांच्या आजोबांचा टांगे बांधायचा कारखाना होता, वडिलांचा ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचा, आणि यांचा हा. मी मोबाइल पुढं करून चित्र दाखवलं.

"सर, डोंगरात जायचं का?"

"नाही, मुरुडला."

"मुरुडला डोंगर कधी झाला?"

मी खड्ड्यांबद्दल सांगितलं. त्यांनी हात पुसले. "स्प्रिंगखाली दोन इंच देऊ. त्याच्या वर न्हाई, गाडी डोलते. अन् टायर?"

"मोठे. या चित्रातल्यासारखे. चाकंपण काळी."

"गाडीत बसणार कोण?"

"आत्या. वडिलांची बहीण."

"उमर?"

मी सांगितली. त्यांनी एकदा गाडीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "सर, नाराज नका होऊ. हौस तुमची हाय ना?"

"हाव," मी म्हणालो. खोटं बोलायला तिथं घरचं कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी गाडी आली तेव्हा चार बोटं उंच झालेली होती. काळ्या चाकांवर खळग्याखळग्यांचे टायर, त्यांना नव्या रबराचा वास. मी आरशात बघून पोट आत घेतलं. गल्लीतले एक निवृत्त तलाठी म्हणाले, "गोदावरीला पूर यायचा हाय का, मास्तर? आम्हाला बी सांगा." अण्णांनी पाठीमागं हात बांधून गाडीला एक चक्कर मारली. "ट्रॅक्टर घेतला असतास तर दोन मोठी चाकं आयतीच आली असती," एवढं बोलून आत गेले.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि बायको निघालो. ती तिसऱ्या झटक्यात चढली. पहिल्या दोन झटक्यांत काय काय म्हणाली ते लिहीत नाही. लातूर ओलांडलं, मुरुड ओलांडलं, आणि आत्याच्या गावाचा फाटा आला. मी सरसावून बसलो. गाडी वळवली आणि समोर पाहिलं.

रस्ता नवा झाला होता. ताटासारखा. दोन्ही कडांना पांढरे पट्टेसुद्धा.

बायकोनं काच खाली केली, डोकं बाहेर काढून रस्ता नीट बघितला, पुन्हा काच वर केली. वेशीजवळ म्हणाली, "हळू घ्या. खड्डा आहे." कोंबडीनं उकरलेली जागा होती ती.

आत्या ओट्यावर तयार बसली होती. पिशवी, लोणच्याची बरणी, नवं लुगडं. गाडी थांबली तशी तिनं डोळ्यावर हात धरून चाकापासून टपापर्यंत नजर नेली.

"ही गाडी हाय का माडी?"

"आत्या, तुझ्यासाठीच उंच केली."

"माझ्यासाठी?" तिनं बायकोकडं बघितलं. बायको बरणीचं झाकण तपासू लागली.

आत्यानं दार धरलं, पाय उचलला. तो जेवढा उचलला गेला तेवढाच गेला. पायदान अजून चार बोटं वर होतं. तिनं दुसरा पाय करून बघितला, जणू तो जास्त समजूतदार निघेल. मग आतेभावानं प्लास्टिकचं स्टूल आणलं.

"त्याच्यावर मी चढणार न्हाई. शेजारची अशीच चढली दिवा काढायला. अजून खाटंवर हाय."

"बरं, मग आम्ही दोघं उचलून बसवतो," मी म्हणालो. आतेभाऊ अस्तन्या सावरून पुढं झालाही.

आत्या एक पाऊल मागं सरली. "हात लावायचा न्हाई. मला उचलायचं एकदाच, अन् ते बी हितून, सासरच्या चौघांनी. त्याच्या आधी रंगीत तालीम नको."

ती परत ओट्यावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली. "जा तुम्ही. भावाला सांग, अक्का लुगडं नेसून तयार होती म्हणावं."

तेवढ्यात अण्णांचा फोन. निघाल्यापासूनचा सातवा.

"निघाले का?"

"आत्या गाडीत चढायलीय, अण्णा."

"हळू चढू दे. मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलोय."

मी फोन ठेवला. सकाळपासून जी मजा वाटत होती ती तिथं संपली. जुनी गाडी असती तर ही बाई कशीबशी एव्हाना आत बसली असती. पाच वर्षांनी एका म्हाताऱ्यानं एक गोष्ट मागितली होती, आणि मी ती गोष्ट बरोबर चार बोटं उंचावर नेऊन ठेवली होती. बायकोनंही टोमणा मारला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आत्या दाराशी बांधलेल्या म्हशीकडं बघत होती. मग तिनं मुलाला विचारलं, "ही आणली तवा टेम्पोत कशी चढवली होती रे?"

"बांधाला टेम्पो लावला. बांधावरून सरळ आत गेली."

"मंग माझ्यात अन् तिच्यात काय फरक हाय? लाव की वट्ट्याला."

ओटा कमरेएवढा, दगडी, बाजूला बुटक्या पायऱ्या. मी गाडी पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं. अर्धं गाव सूचना द्यायला जमलं. "येऊ द्या, येऊ द्या, बस," असं तिघं एकदम म्हणाले आणि चौथ्याचं ऐकून मी अजून थोडा आलो. डाव्या नव्या चाकावरून दगड फिरल्याचा आवाज झाला. तो मला दातांत जाणवला. पण दार उघडलं तर ओटा आणि गाडी एका पातळीत. आत्या उठली, देवघराच्या दिशेनं हात जोडले आणि उंबरा ओलांडावा तशी एक पाऊल आत टाकून पुढच्या सीटवर जाऊन बसली. कुणाचा हात नाही, काही नाही.

"बघ," ती म्हणाली, "म्हशीला बी अक्कल असते."

वरून तिला सगळं दिसत होतं. मुरुडपर्यंत तिनं दोन्ही बाजूंच्या शेतांची तपासणी केली. कुणाच्या सोयाबीनमध्ये तण माजलंय, कुणी बांध कोरलाय. एका मळ्यापाशी तिनं गाडी हळू करायला लावली. "ह्या घरातल्या बाईनं मला तीस वर्षं परसदार दाखवलं न्हाई. घे, बघितलं आज. काय बी न्हाई तिथं."

लातूर जवळ आलं तशी ती सीटवर चुळबुळ करू लागली. नंतर बायकोच्या कानाशी काही बोलली. आत्याला साखर आहे. तासा-दीड तासानं उतरावंच लागतं, हे मला माहीत होतं. पण उतरायचं म्हणजे ओटा लागतो, हे मला नव्यानं कळत होतं. भूगोलाच्या मास्तरानं लातुरात जमिनीपासून अडीच फूट उंच जागा शोधायला सुरुवात केली. ढाबे सपाट, पंप सपाट. शेवटी बायकोच म्हणाली, "बाजार समितीत चला. आडतीच्या दुकानांपुढं ओटे असतात."

असतात. ट्रकमधून पोती सरळ उतरावीत म्हणून बांधलेले, लांबच लांब. एका रिकाम्या ओट्याला मी गाडी लावली. सावलीत बसलेले दोन हमाल हुक घेऊन सवयीनं उठले.

"काय माल हाय, साहेब?"

मी तोंड उघडायच्या आत आत्यानं दार उघडलं. "जुनी ज्वारी. पर किडकी न्हाई."

हमालांनी हुक मागं लपवले. एकानं पोती बाजूला सारून वाट केली, दुसरा पुढं धावत जाऊन दुकानामागच्या संडासाचं दार उघडून आला. परत येताना आत्या त्यांच्यासोबत चहा पिऊन, तुरीचा भाव विचारून आणि एकाच्या मुलीसाठी उदगीरचं एक स्थळ सुचवून आली. आम्ही तिथं पाऊण तास होतो. अण्णांचे चार फोन झाले.

अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी मला आठवलं की आमच्या घराला ओटा नाही. पूर्वी होता. आमच्या गल्लीत दर खेपेला जुन्या रस्त्यावर नवा रस्ता टाकतात. रस्ता वर आला, घर तिथंच राहिलं, आणि ओटा दोघांच्या मधे कुठंतरी बुजला.

अण्णा रस्त्याच्या हातभर खाली गेलेल्या फाटकात उभे होते. मी गाडी त्यांच्यापाशी नेऊन उभी केली, दार उघडलं. आत्या सीटवर वळून बाहेर तोंड करून बसली, पाय पायदानावर टेकवून. बायको मागच्या दारानं उतरून घाईनं आत गेली आणि भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओवाळायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

"उतर की अक्का," अण्णा म्हणाले.

"कुठून उतरू? तुझ्या पोराला विचार."

आत्याची पावलं अण्णांच्या पोटाशी होती. कमरेच्या पट्ट्यामुळं अण्णांना कितीतरी दिवसांत कुणाच्या पाया पडता आलं नव्हतं. वाकताच येत नाही. त्यांनी नुसते हात पुढं केले आणि दोन्ही पावलांवर ठेवले. आत्यानं त्यांच्या टकलावरून हात फिरवला. "केस कुठं गेले रे तुझे?" म्हणाली. ही गोष्ट तिला फोनवर कुणी सांगितली नव्हती.

मला वाटलं, बरं झालं, आपण गाडी उंच केली. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मी तो विचार लगेच आवरला.

"माझा पलंग आणा बाहेर," अण्णांनी फर्मावलं. अण्णांचा पलंग सागवानी, बैलासारखा जड. मी, तलाठी आणि समोरचे दोघं मिळून तो फाटकाबाहेर आणून गाडीला भिडवला. आत्यानं एक पाय गादीवर टेकवला, दुसरा टेकवला, मग खाली बसली आणि सावकाश दोन्ही पाय जमिनीवर सोडले. अण्णा शेजारी बसले. भर रस्त्यात पलंगावर बसून दोघांनी चहा घेतला. दुचाकीवाले वळसा घालून गेले. कुणी हॉर्न वाजवला तर आत्या त्याच्याकडं अशी बघायची की तो उतरून ढकलत न्यायचा.

पंचमी झाली. आत्या चार दिवसांसाठी आली होती. म्हैस व्यायला झालेली, सून एकटी. पाचव्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून बसली. मी गाडी फाटकाला लावली आणि पलंग न्यायला अण्णांच्या खोलीत गेलो. समोरचे दोघं माझ्यामागं.

अण्णा पलंगावर झोपले होते. पांघरूण गळ्यापर्यंत.

"अण्णा, उठता का? पलंग न्यायचाय."

"कंबर धरली."

"पाच मिनिटं खुर्चीत बसा."

"हलताच येईना." आवाज खणखणीत होता. रात्रीच्या पुरणपोळ्या त्यांनी मोजून तीन खाल्ल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्या दारात येऊन उभी राहिली. तिनं भावाकडं बघितलं, पलंगाकडं बघितलं. मग पिशवीतलं लुगडं काढून परत दांडीवर टाकलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

"कंबर धरली म्हणतो तर मी तरी कशी जाऊ," ती मला म्हणाली. "पोराला फोन लाव माझ्या. सांग त्याला, गाडीचं काम निघालंय म्हणून."

मी फोन लावला. आतेभाऊ विचारत होता, किती दिवसांचं काम आहे. मी दोन बोटं वर करून अण्णांकडं बघितलं.

अण्णांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि पाचही बोटं दाखवली. मग थोडा विचार करून दुसराही हात काढला.