आरशातली अरबी

आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीखाली ज्यांचं केशकर्तनालय आहे, त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. माणूस चांगला, पण अहंकार डोक्यावर तेल लावून बसलेला. एका सकाळी जिना चढून आले आणि म्हणाले, "ताई, मला अरबी शिकव."

लेक आखातात दिलेली. तिची चार वर्षांची पोर फक्त अरबी बोलते, फोनवर आजोबा दिसले की पळते. आता पहिल्यांदाच सुट्टीला येणार होती. "माझी नात मला परका समजून परत जायला नको," एवढंच म्हणाले आणि नाक खाजवलं.

अरबी मी कुठल्या शाळेत शिकले नाही. तिकडच्या घरकामातून छळाला कंटाळून परतलेल्या बायांच्या तक्रारी ऐकता ऐकता शिकले. तोंड वर करून सांगते, पुस्तकी पंडितांपेक्षा बरी येते. म्हटलं, "आधी सर्वनामं. मी म्हणजे अना. पुरुषाला तू म्हणायचं तर अंता, बाईला अंती. तो हुवा, ती हिया."

"आणि अहो-जाहो?"

"नाही. राजा असो की न्हावी, अंताच."

"म्हणजे टीचभर पोर मला अरे-तुरे करणार?"

"करणार."

मामा फुगले, पण शिकले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्री आरशाकडे रोखायची. आपल्या प्रतिबिंबाकडे, "अना." गिऱ्हाइकाच्या, "अंता." मागे बाकावर बसलेल्याच्या, "हुवा." बँकेतले साहेब एकदा ओरडले, "मामा, अर्धी मिशी राहिलीय! हुवा गेला खड्ड्यात!" दारात चहा घेऊन आलेल्या मामी झाल्या हिया. अंतीसाठी दुकानात बाई येईना, तेव्हा मी खुर्चीत बसले. अट एकच, केसाला हात लावायचा नाही.

नात आली. मामा नवा शर्ट घालून घरी तिच्यासमोर उकिडवे बसले. बोट उचललं, आपल्या छातीकडे नेलं, तिच्याकडे नेलं, परत आणलं. तोंडातून शब्द नाही. पोरगी आईच्या मागे लपली ती लपलीच.

मी निकाल ऐकायला दुकानातच थांबले होते, मामा तणतणत आले. "ताई, तुझी अरबी कच्ची!"

"माझी?" माझं डोकंच फिरलं. "अख्ख्या गल्लीला पाठ झाली, बाकावरचे लोक आपणहून हुवा म्हणून हात वर करतात, आणि कच्ची माझी?"

भांडण रंगलं. मध्येच लक्षात आलं, मी मामांकडे बघून ओरडतेय आणि मामा आरशातल्या माझ्याकडे बघून.

"इकडे बघून भांडा की!"

मामा वळले. तोंड उघडलं, मिटलं. जन्मभर माणसाच्या पाठीमागे उभं राहून आरशात गप्पा मारलेल्या. समोरासमोर बोलायची सवयच नाही.

मामी चहाचा कप आपटत म्हणाल्या, "लग्नाआधी 'पसंत आहे का' हेसुद्धा मला दुकानात बोलावून आरशातच विचारलं होतं. मला वाटलं, लाजतायत."

"मग पोरीला इथं आणा," मी म्हटलं.

लेक तिला कडेवर घेऊन आली. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकली, वर पोरीला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. मामा मागे जाऊन उभे राहिले आणि एकदम त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली. फणी आरशाकडे रोखून म्हणाले, "अंती."

पोरीने आरशात बघितलं. कापडातून हात बाहेर काढून आपल्याकडे बोट केलं. "अना."

मामांनी खुशीत फणी आपल्या छातीला लावली. "अना!"

"ला!" नाही म्हणत पोरगी खवळली. "अना!" मी म्हणजे ती, दुसऱ्या कुणी मी व्हायचंच नाही.

"अना!" मामाही इरेला पेटले.

"अना!"

मी मध्ये पडले नाही. अशा मालकी हक्काच्या तंट्यात मी नेहमी दुबळ्या बाजूने उभी राहते, पण इथे दुबळं कोण तेच कळेना. शेवटी पोरीने फळीवर गर्रकन वळून खऱ्याखुऱ्या मामांच्या पोटात बोट खुपसलं आणि निकाल दिला, "अंता!"

मामांनी आरसा सोडून तिच्याकडे बघितलं. मग कापड, फणी, पोर सगळं तसंच टाकून रस्त्यावर धावले. बँकेतले साहेब समोरून येत होते, त्यांचा दंड पकडून, थेट डोळ्यांत बघून म्हणाले, "ऐकलंत? माझ्या नातीने मला अरे-तुरे केलं!"