छाती हलून राह्यली का?

चार नर्सा एकत्र बसल्या की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. माझे बहुतेक फोनवरचे. वडशाजवळच्या एका दवाखान्यात ॲम्ब्युलन्सचा फोन मी घ्यायची. मोबाईल नव्हते तेव्हा. शेजारी ड्रायव्हर सलीमभाऊ.

लेकरू निपचित पडल्याचा फोन आला की आधी दोनच गोष्टी विचारायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हाक मारल्यावर हलतं का? छाती नीट वरखाली होते का? दोन्हीला 'नाही' आलं, तर हृदय बंद पडलंय असंच धरायचं!

*

एका बापाचा फोन. "सिस्टर, पोरगं निळं पडलं! श्वास नाई घेत!"

"झालं काय?"

"चॉकलेट मागे, मी नाई म्हटलं..."

तेवढ्यात फोनमध्ये असं भोकाड आलं, की मी रिसीव्हर लांब धरला. रडता रडता श्वास कोंडला होता त्याचा.

"लयच रडून राह्यला सिस्टर! चूप कसा करू?"

"करूच नका भाऊ!"

*

जंगलातल्या गावात फोन एका दुकानात, तापानं झटके आलेली पोरगी पार टोकाच्या घरात. दुकानदार फोनवर, आणि तिथपासून घरापर्यंत माणसं उभी. मी म्हटलं, "विचारा, छाती हलून राह्यली का?"

प्रश्न ओरडत ओरडत गेला. उत्तर ओरडत ओरडत आलं.

"सिस्टर, छत्री नाई म्हणते त्याइच्याकडे!"

गाडी पोहोचली तेव्हा पोरगी आईच्या खांद्यावरून सलीमभाऊंकडे टुकूटुकू बघत होती.

*

नाटकाच्या तालमीतून मॅनेजरचा फोन. मेलेल्या मुलीचं काम करणारी पोरगी उठेना! फोन सलीमभाऊंनी घेतला.

"छाती हलते?"

"हलते."

"हाक मारली?"

"किती वेळची मारून राह्यलो!"

"कोणत्या नावानं?"

मॅनेजर हळूच म्हणाला, "नाटकातल्या."

"अरे भाऊ, घरच्या नावानं मार! अन् भजी आली म्हण!"

उठली!

*

सगळेच फोन असे संपले नाहीत. ते मी सांगत नाही.

पण एक सांगते. तलावावर मासे धरणाऱ्या कुटुंबातली चार वर्षांची पोर पाण्यात पडली. बापानं बाहेर काढून शेजारच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवली. खिडकीतून फोन आईनं धरलेला.

"हाक मारली तर हलते का?"

"नाई."

"छाती?"

"श्वास हाय बाई! मधामधात आचका देते."

मी ओरडले, "तो श्वास नाही, बाई! तिला उताणी झोपवा. नाक दाबून तोंडात हवा फुंकायला सांगा. मग छातीच्या मधोमध तळवा ठेवून दाबायचं, जोरानं, भराभर. पुन्हा हवा. थांबू नका!"

सलीमभाऊ केव्हाच गाडी घेऊन निघाले होते. मी सांगत होते, आई ओरडून नवऱ्याला सांगत होती. मग तिचा आवाजच बंद झाला. "बाई? बाई, आहात ना?" मी विचारत राहिले.

एक खोकला ऐकू आला. पाणी ओकल्याचा आवाज. मग बारीक, चिडलेला स्वर:

"बाबा, दुखते ना!"

आणि बापाचा हुंदका:

"अजून म्हण माय, अजून म्हण!"