मलमाला घाबरणारी बुरुल्चा

कोचकोर गावची बुरुल्चा लाथाळ घोडीचं दूध काढायची, दिवसभर लोकर तुडवून नमदे करायची आणि वर गाणीही म्हणायची. पण महिनाभर ती एका बोटभर ट्यूबला घाबरून होती.

ट्यूब होती तिच्या लेकीच्या, अकमोरच्या इसबावरच्या मलमाची. पोर वर्षाची झाली, पावलं टाकू लागली, आणि दहा दिवसांनी तिच्या पायांची दोरी कापायची होती. पोरीच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, गावाने धावत यायचं, पहिला येईल त्याने ती कापायची. मग पोर जन्मभर अडखळत नाही! पण खाजवून लालभडक झालेल्या घोट्यांवर लोकर बांधायची कशी?

"त्या मलमात हार्मोन असतं. पोरीला मिशा फुटतील," सासू, म्हणजे आपा, म्हणाल्या. "मेंढीची चरबी लाव."

चरबीने पोरीला मटणाचा वास यायला लागला. खाज तशीच.

गुरुवारी दवाखान्यातल्या नर्स झुरा-एजे, म्हणजे झुराताई, घरी आल्या.

"मलम लावतेस ना गं?"

"रोज, एजे."

एजेंनी झाकण उघडलं. तोंडावरची पन्नी शाबूत.

"वा! पन्नीतून झिरपतं वाटतं?"

बुरुल्चाचे कान तापले. "कातडी पातळ होते म्हणतात, एजे. आणि मिशा..."

"महिनोन्‌महिने मनाला येईल तसं फासलं तर त्रास होतो. हे सौम्य आहे. सांगते तेवढंच, सांगते तितकेच दिवस. बोट दे." एजेंनी तिच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ ओढली. "एवढं तुझ्या हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला. आणि मिशांचं म्हणशील, तर तुझ्या सासूला कुठल्या मलमाने आल्या?"

दाराआडून आपा ओरडल्या, "वयाने, भवाने, वयाने!" आणि चहा सांडेपर्यंत हसल्या.

त्या रात्री मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या बुरुल्चाने आधी पोरीचा वरचा ओठ तपासला, मग घोटे. चौथ्या रात्री अकमोर न खाजवता झोपली. बुरुल्चाच मध्येमध्ये उठून बघत राहिली.

सोहळ्याला आपांनी दोरी स्वतः बांधली, आत मऊ सुती फडकं गुंडाळून. सगळी गल्ली धूळ उडवत धावली. शेजारची लांब टांगांची गुलायिम पहिली आली आणि तिने दोरी कचकन कापली. अकमोर उभी राहिली, डुलली, आणि सरळ तळलेल्या पिठाच्या बोरसोकांच्या ताटापर्यंत सात पावलं चालली! बुरुल्चा हसत होती की रडत होती, तिलाच कळेना.

आपा हळूच कानाशी आल्या. "थोडं उरलंय का गं? माझं कोपर फार खाजतंय."

"आधी एजेंना दाखवा, आपा. मिशा वाढल्या म्हणजे?"