'आ म्हणा' बाई

आम्ही त्यांना 'आ म्हणा बाई' म्हणायचो. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण गोरेगावच्या त्या हॉस्पिटलात ते कुणी घेत नसे. बाई स्पीच थेरपिस्ट. पेशंटला चमचाभर काही भरवलं की म्हणायच्या, "आ म्हणा," आणि डोळे मिटून ऐकायच्या. आवाज कोरडा आला तर घास बहुधा नीट उतरला. गुळणी केल्यासारखा ओला आला, तर काहीतरी श्वासनलिकेच्या तोंडाशी रेंगाळतंय.

माझ्या बाबांना पॅरॅलिसिसचा झटका आला आणि गिळणंच गेलं. नाकात नळी बसली. मोठे डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर पोटात नळी टाकू. अहो, माझा बाप मालवणी! जेवणात सोलकढी नसली तर दिवसभर घुम्यासारखा बसणारा माणूस. त्याच्या जिभेला आता कधी काही लागणारच नाही?

बाईंची दुसरी खोड म्हणजे पेशंटचं खाणं आधी स्वतः चाखायचं. पातळ घास चटकन श्वासनलिकेत उतरतो म्हणून हॉस्पिटलने घट्ट केलेली ती पेज चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे मला गिळवत नाही, काका कशाला गिळतील?" त्यांचं संशोधनही त्यावरच चाललं होतं. ओळखीची चव जिभेला लागली की गिळणं लवकर जागं होतं का? बाकीचे डॉक्टर चिडवायचे, "मॅडम, रिसर्च करताय की खानावळ काढताय?" त्या म्हणायच्या, "दोन्ही. या जेवायला."

एकदा चमचा पुढे येताच बाबांना रडू फुटलं. मी म्हटलं, "द्या ना मॅडम, बरं वाटेल त्यांना." त्यांनी चमचा खाली ठेवला. "रडताना घास द्यायचा नाही गं. ठसका लागतो. आधी रडून घेऊ दे." आणि खुशाल बसून राहिल्या.

गुरुवारी आईने घोळ घातला. मी औषधं आणायला गेले होते. तेवढ्यात तिने घरून लपवून आणलेली सोलकढी बाबांच्या तोंडात घातली. माणसाच्या तोंडाला चव नको का, एवढंच तिचं म्हणणं! मी परतले तर बाबा खोकून खोकून लालबुंद, सिस्टरची धावपळ, आणि आई कोपऱ्यात वाटी धरून उभी. बाई आल्या त्या ओरडतच. "काकू, जीव गेला असता त्यांचा! कळतंय का?"

मग एकदम थांबल्या. "पण खोकले ना? आजवर पाणी चुकीच्या वाटेला गेलं तरी ते खोकत नव्हते. आज घशाला कळलं."

शुक्रवारी सकाळी एक्स-रेमध्ये छाती साफ दिसली, सोलकढी फुफ्फुसात उतरली नव्हती. बाईंनी मोठ्या डॉक्टरांकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली. सोलकढीत घट्ट करायची पावडर कालवली आणि चाखली. "काकू, मीठ कमी आहे." आईने मुकाट्याने मीठ घातलं. अर्धा चमचा बाबांच्या जिभेवर गेला. बराच वेळ काहीच होईना. मी पदराचं टोक चावत उभी. शेवटी गळ्याचा कंठमणी वर गेला, खाली आला.

"आ म्हणा, काका."

"आ."

कोरडा होता. मलासुद्धा कळलं. बाई डोळे उघडतात न उघडतात तोच बाबा पुटपुटले, "आजून वायच दी गो." आईने लगेच वाटीच पुढे केली. बाईंनी चमचा ठेवून आधी हात जोडले. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

पोटातली नळी लागलीच नाही. पुढची काही वर्षं बाबा जिभेचे लाड पुरवून जगले आणि गेल्या वर्षी हार्टने गेले. तेराव्याला बाई आमच्या कांदिवलीच्या घरी आल्या. आईने हट्टाने सोलकढी केली होती. बाईंनी सवयीने आधी स्वतः चाखली, मग वाटी माझ्या हातात दिली. मी ती ओठांशी नेली आणि मला रडूच फुटलं.

बाईंनी वाटी काढून घेतली.

"थांब. आत्ता नको गिळूस," त्या म्हणाल्या. "आधी रडून घे."

आणि वाटी हातात धरून माझ्या शेजारी बसून राहिल्या.