खिडकीला लावलेलं घर

घर बांधून झाल्यावर त्याला खिडक्या लावणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आधी खिडकी आणून मग तिला घर लावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मी तेव्हा अंधेरीला एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायचो, त्यामुळे घराच्या बाबतीत मला चार गोष्टी कळतात असा सासरच्या मंडळींचा समज होता. तो मामांनी सहा महिन्यांत पार धुऊन काढला.

मामा मालवणकडचे. उभी हयात कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेली. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हा चारकोपच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी करायला लागले. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि ती शेजारच्या चाळीच्या भिंतीवर उघडायची. सत्तावीस वर्षं मामींनी त्या भिंतीकडे बघत मासे तळले. अशात चारकोपला सरकारच्या एका नव्या घरयोजनेत मामांचं नाव लागलं. तीस-पस्तीस जणांची एक सोसायटी, प्रत्येकाला पंचवीस चौरस मीटरचा प्लॉट, घर ज्याचं त्याने बांधायचं. प्लॉटच्या सोडतीच्या चिठ्ठीत मामांना रस्त्यालगतचा कोपरा मिळाला. लोक हेव्याने बघायला लागले. मामांनी मात्र तो कोपरा शेवटच्या रांगेतल्या माणसाला देऊन त्याचा खाडीकडचा प्लॉट मागून घेतला. संपात ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी त्या माणसाची खात्री झाली, आणि मामा भानावर यायच्या आत त्याने त्याच दुपारी कागदांवर सह्या करून घेतल्या. पुढे त्याने तिथे पिठाची गिरणी टाकली आणि मामींना दळणासाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागायचं. त्या डबा घेऊन परत आल्या की दोन दिवस घरात कोणी फारसं बोलत नसे.

शेवटच्या रांगेपुढे चिखल, चिखलापुढे तिवरांची झाडी, तिवरांपलीकडे खाडी आणि पैलतीराला मनोरी गावची झाडं. खाडी दिसायची ती फक्त भरतीला, आणि तीही कशावर तरी चढलं तरच. म्हणून मामांनी मोकळ्या प्लॉटवर एक पत्र्याचं पिंप उपडं घातलं, त्यावर स्टूल ठेवलं, आणि येईल त्या नातेवाइकाला त्यावर चढवायला सुरुवात केली. होणाऱ्या घराच्या माळ्यावरून काय दिसेल ते आधीच कळावं, हा हेतू. खाली पिंप धरून मामा विचारत, "दिसता?" आणि 'दिसतं' म्हटल्याशिवाय माणसाला उतरू देत नसत. आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांनी नऊवारीसकट चढवलं होतं. त्या बिचाऱ्यांनी डोळे गच्च मिटून "दिसता, दिसता" म्हणत सुटका करून घेतली.

आमंत्रणंही ते घड्याळाची देत नसत, तिथीची देत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब त्यांच्या तोंडावर असे. "षष्ठीक साडेचाराक येवा," असं कारखान्यातल्या मॅनेजरलाही सांगायला त्यांनी कमी केलं नाही. मोठं उधाण हवं म्हणून वास्तुशांत अवसेला भरदुपारी करायची असा त्यांचा बेत होता. भटजींनी कानावर हात ठेवले. शेवटी दोघांनी पौर्णिमेवर तडजोड केली.

खिडकीचं म्हणाल तर ती बोरिवलीला पाडलेल्या एका जुन्या बंगल्याची. सागवानी, सहा फूट रुंद. प्लॉटवर एक वीट नव्हती तेव्हापासून ती तिथे ताडपत्रीखाली उभी होती. मी सात नकाशे काढले. प्रत्येक नकाशात खिडकी तेवढीच राहायची आणि मामींचा ओटा तेवढा आखडत जायचा. गवंडी एक दिवस कंटाळून म्हणाला, "मामा, एक काम करा. खिडकीलाच छप्पर घाला आणि मोकळे व्हा." मीही माझं शास्त्र पाजळलं. पश्चिमेचं ऊन, खारा वारा, पावसाचे सपकारे, तिवरांतले डास, सगळं सांगितलं. मामा मान डोलावत आणि शेवटी विचारत, "खिडकी थोडी खाली घेतली तर बसानसुद्धा दिसात मा?" मामी बाजूला तांदूळ निवडत असत. "आयकलास काय," त्या मामांना म्हणत, "खाडी बघून भात शिजाचो नाय." मामींचं माहेर खाडीकाठचंच होतं. आईवडील गेल्यावर त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या.

माळ्याचं काम निम्म्यावर आलं तेव्हा कचेरीत माझ्या हाती त्या सगळ्या वस्तीचा मोठा नकाशा आला. मामांच्या शेवटच्या रांगेपुढे, चिखलात, आणखी एक रांग आखलेली होती. नकाशात मामांच्या खिडकीपासून समोरच्या घराची पाठ जेमतेम दहा फुटांवर. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सांगावं तर माणूस खचेल, न सांगावं तर आपण जावई कसले. शेवटी रविवारी त्यांना बाजूला घेऊन सांगून टाकलं.

मामा हसले. "जावयबापू, माका माहीत आसा. नकशो मी चिठ्ठीआधीच बघलंय."

"मग तो कोपरा का सोडलात?"

त्यांनी आधी मामी कुठे आहेत ते पाहिलं. "फुडे घरां होतली, पण लगेच होवची नायत. दोन-तीन वर्सां तरी गावतली. तिका लग्न करून घरात हाडलंय तेव्हा म्हटलेलंय, तुका खाडी दिसात असा घर बांधतलंय. सत्तावीस वर्सां तिना भिंत बघल्यान. आता थोडे दिस तरी बघांदे. तिका मात्र सांगा नकोत."

नकाशे काढण्यात माझी दहा वर्षं गेली होती, पण घर कशासाठी बांधतात हे मला त्या दिवशी कळलं. मी खिडकी चार इंच खाली घेतली.

समोरची रांग उठायला तीन पावसाळे गेले. त्या तीन वर्षांत वाऱ्याने मामींची भांडी पाडली, खाऱ्या हवेने बिजागऱ्या खाल्ल्या, पावसात तर मामी खिडकीखाली परात ठेवत. त्या रोज खिडकीला शिव्या घालायच्या, आणि रोज विळी घेऊन भाजी चिरायला माळ्यावरच बसायच्या.

समोर विटा चढायला लागल्याचं कळलं तेव्हा मी मुद्दाम आमच्या गोरेगावच्या घरून गेलो. मनात भीती होती. मामी माळ्यावर एकट्याच होत्या. भिंत खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत आली होती.

"मामा कुठे आहेत?"

त्यांनी हाताने समोर दाखवलं. मामा समोरच्या घराच्या परांचीवर चढले होते आणि त्या घराच्या तरुण मालकाला काहीतरी समजावत होते. "तो बारकी खिडकी घेयत होतो," मामी म्हणाल्या, "वारो येता म्हणान. हे सांगूक गेलेत. तेच्या बायलेक खाडी दिसाक व्हयी म्हणतत."

मी चाचरत म्हटलं, "मामी, तुम्हाला वाईट वाटत असेल."

त्यांनी विळी आडवी केली, पदराला हात पुसले. "वाईट वाटता तर," त्या म्हणाल्या. "पण जावयबापू, तीन वर्सां मी माहेराक ऱ्हवलंय. इतके दिस माहेराक कोण ठेवता?"

त्यांच्याशेजारी बसून मी समोर बघत राहिलो. भरतीची वेळ होती. मामा दोन्ही हात पसरून त्या माणसाला खिडकीची रुंदी दाखवत होते, आणि त्यांच्या हातांच्या मधून अजून थोडं पाणी दिसत होतं.